श्रिंप, पिल्लं आणि नाजूक मासे असलेल्या टँकचा फिल्टर सेफ कसा करायचा

चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी) आणले की महिना-दीड महिन्यात जवळपास सगळ्यांचा एकच प्रश्न येतो. मोठे श्रिंप दिसतायत, अंडीवाली मादी पण दिसली होती, मग पिल्लं गेली कुठे? मग लोक पाणी तपासतात, खाणं बदलतात, टँकमधल्या माशांवर संशय घेतात, आणि फिल्टर मात्र कोणी उघडून बघत नाही. तो एकदा बंद करून, त्याचं खालचं झाकण काढून, आतला गाळ एका पांढऱ्या भांड्यात ओतून बघा, अर्धं उत्तर बऱ्याचदा तिथेच मिळतं.

चेरी श्रिंपची मादी पोटाखाली साधारण २०-३० अंडी घेऊन तीन-चार आठवडे फिरते आणि त्यातून थेट छोटे श्रिंपच बाहेर येतात, मधली अळीची अवस्था नसते. पिल्लू जेमतेम २ मिलीमीटर लांब आणि केसाएवढं बारीक. आपल्याकडच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या पॉवर फिल्टरच्या (पाण्यात बुडवून लावायचा, मोटरवाला फिल्टर) खालच्या फटी २-३ मिलीमीटर रुंद असतात, त्यामुळे पिल्लू त्यातून आत जाणारच. गप्पीची पिल्लं, बेट्टाची (फायटर माशाची) नुकती पोहायला लागलेली पिल्लं, चिली रासबोरासारखा मोठा होऊन पण २ सेंटीमीटरच्या आत राहणारा मासा, सगळ्यांना तोच धोका.

बरेच जण काय करतात, तर फटीवर जाळी बांधतात आणि काम झालं समजतात. पण भोक लहान करणं हे अर्धंच काम आहे, खरं काम आहे ओढ कमी करणं. हिशोब करून बघा, सोपा आहे. तासाला ५०० लिटरची मोटर म्हणजे सेकंदाला साधारण १४० मिली पाणी. फिल्टरच्या सगळ्या फटी मिळून १० चौरस सेंटीमीटर मोकळी जागा असेल तर फटीपाशी पाण्याचा वेग झाला सेकंदाला १४ सेंटीमीटर, दोन मिलीमीटरच्या जीवाला ह्यातून सुटणं शक्यच नाही. आता त्याच मोटरच्या तोंडावर ५ सेंटीमीटर जाडीचा आणि ८ सेंटीमीटर उंचीचा गोल स्पंज चढवा, बाजूचं क्षेत्रफळ होतं साधारण १२५ चौरस सेंटीमीटर, आणि वेग उतरतो सेकंदाला एक सेंटीमीटरच्या आसपास. पाणी तेवढंच फिरतंय, मोटर तीच आहे, पण आता पिल्लू त्या स्पंजवर आरामात बसून खातं. तेव्हा भोक किती लहान हे बघाच, पण त्याआधी पाणी किती मोठ्या जागेतून आत जातंय ते बघा. पुढचं सगळं ह्याच एका गोष्टीवर उभं आहे.

स्टेप १ : आधी आहे तो फिल्टर रात्री बघा

दिवसा काही कळत नाही. रात्री टँकची लाईट बंद करून तासाभराने मोबाईलचा टॉर्च घेऊन फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडापाशी बघा. श्रिंप रात्री जास्त फिरतात. तोंडाजवळ आलेला श्रिंप मागे ढकलत ढकलत निघत असेल, पाय पकडून लटकत असेल, किंवा माशाची शेपटी त्या बाजूला ओढल्यासारखी वाकत असेल तर ओढ जास्त आहे. मग मोटर बंद करा, प्लग काढा (नुसतं बटण बंद करून हात पाण्यात घालू नका), आणि फिल्टरची प्रत्येक फट बघा. तोंडाची जाळी, मोटर आणि डब्याच्या जोडाची फट, सक्शन कप तुटला असेल तर त्याचं मोकळं भोक, आणि काही फिल्टरना बाजूला एक जास्तीचं भोक असतं तेही. पिल्लं मुख्य तोंडातूनच जातात असं नाही, जिथून पाणी जातं तिथून तीही जातात. हँग-ऑन (काचेच्या कडेवर बाहेरून अडकवायचा) आणि टॉप (टँकच्या वर ठेवायचा) फिल्टरच्या डब्यात तर कित्येकदा श्रिंपची अख्खी वसाहत सापडते, गाळात खायला भरपूर असतं म्हणून मजेत जगतात, पण मोटरच्या पंख्यातून जाताना किती गेले ते कळत नाही.

स्टेप २ : नवीन घेणार असाल तर सरळ स्पंज फिल्टर घ्या

माझं मत ह्यात पक्कं आहे. पहिला श्रिंप टँक, दीड फुटी किंवा दोन फुटी, तर स्पंज फिल्टरच. दुसरं काही नको. दिसायला तो छान नाही हे मान्य, काळा गोळा काचेला चिकटून बसलेला दिसतो, पण मागे एखादी मोठी वनस्पती किंवा लाकूड ठेवलं की महिन्याभरात विसरायला होतं. किंमत २००-३०० रुपयांच्या आसपास, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या गल्लीत किंवा कुर्ल्याच्या मासेवाल्यांकडे सहज मिळतो, बाकी शहरांत कुठल्याही ॲक्वेरियमच्या दुकानात.

तो चालतो कसा हे समजून घ्या म्हणजे पुढे काही बिघडलं तर कळेल. पाण्याबाहेरची ऑक्सिजन मोटर, म्हणजे एअर पंप, नळीतून हवा खाली ढकलते, ती स्पंजच्या मधल्या उभ्या पाईपमधून बुडबुडे होऊन वर जाते, जाताना पाणी उचलून नेते, आणि त्या जागी नवीन पाणी सगळ्या स्पंजमधून हळू हळू आत झिरपतं. पाण्यात पंखा नाही, फट नाही, आणि ओढ अख्ख्या स्पंजवर पसरलेली. एखादं पिल्लू स्पंजच्या भोकात शिरलं तरी चालत बाहेर येतं.

लागणारं सामान म्हणजे स्पंज फिल्टर, एअर पंप, पातळ सिलिकॉनची नळी, एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, हवा कमी-जास्त करायचा एक छोटा नॉब आणि एक लहान एअर स्टोन. बहुतेक लोक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह सोडून देतात कारण दुकानदार स्वतःहून देत नाही. तो घ्याच. पंप टँकच्या पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल आणि लाईट गेली तर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि तिथून एक्स्टेन्शन बोर्डवर जातं. व्हॉल्व्हची दिशा कळत नसेल तर तोंडाने फुंका, ज्या बाजूने फुंकल्यावर हवा पलीकडे जाते ती बाजू पंपाकडे. आणि जमत असेल तर पंप टँकपेक्षा उंच ठेवा, मग व्हॉल्व्ह खराब झाला तरी पाणी येत नाही. सगळ्या वायरी बोर्डात जाण्याआधी बोर्डाच्या खाली लोंबतील अशा ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी खाली पडेल, प्लगमध्ये जाणार नाही.

आता बसवायचं कसं. स्पंज आधी साध्या पाण्यात दोन-चार वेळा पिळून घ्या, फॅक्टरीची धूळ निघते. मग टँकच्या पाण्यात बुडवून पाण्याखालीच दाबा, आतली हवा निघेपर्यंत, नाहीतर तो दोन दिवस तरंगत बसतो आणि लोकांना वाटतं खराब निघाला. एअर स्टोन उभ्या पाईपच्या आत सोडा, हे बरेच जण करत नाहीत. मोठे बुडबुडे गुडगुड आवाज करत वर जातात आणि पाणी कमी उचलतात, स्टोनमुळे बारीक बुडबुडे होतात, आवाजही कमी होतो आणि पाणीही जास्त उचललं जातं. मग नॉबने हवा अशी लावा की पाईपच्या तोंडातून बुडबुड्यांची सलग धार येईल पण पाण्याच्या वरच्या थराला उकळी फुटल्यासारखं होणार नाही.

स्पंज किती बारीक? पाकिटावर पीपीआय लिहिलेलं असतं, म्हणजे एका इंचात किती भोकं. २० म्हणजे जाड, ३० मध्यम, ४५ च्या आसपास बारीक. श्रिंपसाठी ३० पासून पुढे घ्या. ४५ सगळ्यात सेफ पण तो लवकर तुंबतो, त्यामुळे पिल्लं पाळायचीच असं ठरवलं असेल आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पिळायची तयारी असेल तर तो, नाहीतर ३०. पाकिटावर काहीच लिहिलं नसेल, आणि स्वस्तातल्यावर नसतंच, तर स्पंज उजेडाकडे धरून भोकं बघा, मोहरीचा दाणा आत जात असेल तर तो जाड आहे.

दोन फुटी टँकला एक मोठा घेण्यापेक्षा दोन छोटे घ्या, दोन कोपऱ्यात. एक धुतला तरी दुसऱ्यातले बॅक्टेरिया टँक सांभाळतात, आणि एकाची नळी निघाली तरी दुसरा चालू असतो.

स्टेप ३ : आधीपासून पॉवर फिल्टर, हँग-ऑन किंवा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) असेल तर

टाकून देऊ नका, त्याच्या तोंडावर प्री-फिल्टर स्पंज चढवा. मधे भोक असलेला गोल किंवा चौकोनी स्पंज तयार मिळतो. घ्यायच्या आधी आपल्या पाईपची बाहेरची जाडी मोजा. मोजपट्टी नसेल तर पाईपभोवती दोरा गुंडाळून तो सरळ करून मोजा आणि ३.१४ ने भागा. स्पंजचं भोक पाईपपेक्षा एक-दोन मिलीमीटर लहानच हवं, ओढून चढवावा लागला पाहिजे. सैल असेल तर स्पंज आणि पाईपच्या मधून पाणी सरळ आत जातं कारण पाण्याला तीच सोपी वाट, आणि पिल्लं पण त्याच वाटेने जातात. स्पंजचं वरचं टोक केबल टायने आवळा, फार घट्ट नको, स्पंज दबला की तिथून पाणी जाणं बंद होतं. स्पंजचं खालचं टोक बंद आहे ना ते बघा, काही स्पंज आरपार भोकाचे येतात, त्यांच्या खाली स्पंजचाच तुकडा कोंबावा लागतो.

मोठा स्पंज घ्या. पाईपवर जेमतेम बसणारा बोटभर स्पंज आणि मुठीएवढा स्पंज ह्यांच्या किमतीत फारसा फरक नसतो, पण वेगाचा वरचा हिशोब पुन्हा बघितलात तर कळेल की फरक किती पडतो, शिवाय मोठा स्पंज हळू तुंबतो.

घरातला कुठलाही स्पंज कापून लावू नका. भांडी घासायच्या स्पंजमध्ये जंतूनाशक असू शकतं, सोफ्याच्या फोममध्ये आग लागू नये म्हणून केमिकल घातलेलं असू शकतं. श्रिंपना ह्या गोष्टी माशांपेक्षा फार लवकर लागतात. ॲक्वेरियमसाठी म्हणून विकलेला स्पंजच घ्या, मोठी शीट आणून कापली तर स्वस्तात पडतं.

स्टीलच्या जाळीचं नळकांडं पण मिळतं, कॅनिस्टरच्या काचेच्या पाईपवर ते चांगलं दिसतं, पण जाळी म्हणजे फक्त पृष्ठभाग, स्पंजसारखी खोली नाही, त्यामुळे पाल्याचे दोन तुकडे चिकटले की उरलेल्या भोकातून ओढ एकदम वाढते. जाळी लावायची तर लांब लावा, १ मिलीमीटरपेक्षा लहान भोकाची, आणि आठवड्याला टूथब्रशने घासा. काही जण चहाच्या गाळणीची जाळी कापून लावतात, चालतं, पण आधी ती रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून बघा, सकाळी तांबूस डाग दिसला तर ती टँकमध्ये घालू नका. खिडकीला लावतो ती डासांची जाळी नको, तिची भोकं १ मिलीमीटरहून मोठी असतात आणि श्रिंपचं पिल्लू त्यातून सहज जातं. नायलॉनचे मोजे बांधायचा जुना उपाय अडीनडीला ठीक आहे, आज रात्री पिल्लं दिसली आणि उद्या दुकान उघडेपर्यंत काहीतरी हवं अशा वेळी, पण दोन-चार दिवसांत त्यावर शेवाळ आणि चिकट थर बसून पाणी जाणंच बंद होतं.

प्री-फिल्टर लावल्यावर मोटरचं पाणी थोडं कमी होणार, ते अपेक्षितच आहे. पण स्पंज तुंबत गेला की मोटरला पाणी मिळत नाही, ती गरम होते, आवाज करायला लागते. म्हणून रोज जाता येता बाहेर पडणाऱ्या धारेकडे एक नजर टाका. धार अर्धी झाली की स्पंज पिळायची वेळ झाली, कॅलेंडर बघायची गरज नाही.

कॅनिस्टरवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. पाण्याचा जोर कमी करायचा असेल तर आत येणाऱ्या पाईपचा व्हॉल्व्ह कधीच दाबू नका, बाहेर जाणाऱ्या बाजूचा दाबा. आत येणारी बाजू आवळली की पंपाला पाण्याची उपासमार होते, पंप हवा धरतो आणि पंखा लवकर खराब होतो.

स्टेप ४ : बाहेर पडणारं पाणी

श्रिंप सुरक्षित झाले म्हणजे मासे पण झाले असं नाही. बेट्टा, हनी गोरामी, ड्वार्फ गोरामी, चिली रासबोरा, हे सगळे संथ पाण्यातले मासे. बेट्टाचे लांब पंख म्हणजे त्याच्यासाठी प्रवाहात ओझंच, तो दिवसभर धारेशी झगडून थकतो, मग कोपऱ्यात पानाआड बसून राहतो आणि मालकाला वाटतं मासा आजारी आहे. गोरामी आणि बेट्टा नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतात, वरचा थर हलत असेल तर ते टिकतच नाही.

तपासायचा सोपा मार्ग असा. तरंगणाऱ्या खाण्याचे चार दाणे टँकच्या मधोमध टाका. ते हळू सरकत सरकत एका बाजूला गेले तर ठीक, भोवऱ्यासारखे फिरत फिल्टरकडे गेले किंवा धारेखाली जाऊन बुडाले तर जोर जास्त आहे. टँकच्या निदान एका बाजूला, पानांच्या मागे, पाणी जवळपास स्थिर असलं पाहिजे. अख्खा टँक सारखा संथ करायची गरज नाही, नाजूक माशाला जाऊन बसायला एक शांत कोपरा मिळाला की तो स्वतः जागा निवडतो.

जोर मोडायला पॉवर फिल्टरचं तोंड काचेकडे वळवा, काचेवर आपटून पाणी पसरतं. हँग-ऑनच्या धबधब्याखाली पाण्याच्या बाटलीचा आडवा कापलेला तुकडा अडकवा, कडा सॅंडपेपरने घासून घ्या, पंख फाटतात. किंवा स्प्रे बार करा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाईप टँकच्या रुंदीएवढा घ्या, एक टोक बंद, ओळीने भोकं पाडा, आणि ती भोकं मागच्या काचेकडे करून लावा. भोकं मोठी आणि जास्त ठेवा, लहान आणि कमी ठेवली तर प्रत्येक भोकातून पिचकारी उडते, म्हणजे आपल्याला हवंय त्याच्या उलट. बाजारातल्या बऱ्याच पॉवर फिल्टरना हवेची पातळ नळी जोडलेली असते, तिच्यामुळे खूप बुडबुडे उडतात, तिच्या टोकाला नॉब लावून हवा कमी करता येते.

आणि इथे एक सांगतो, जोर कमी करायच्या नादात वरचा थर पूर्ण थांबवू नका. हवेतला ऑक्सिजन पाण्यात जातो तो हलत्या पृष्ठभागातून. बेट्टा आणि गोरामी वर येऊन तोंडाने हवा घेऊ शकतात, श्रिंप नाही घेऊ शकत. वर तेलकट पापुद्रा दिसायला लागला की समजा पृष्ठभाग फारच मेला आहे, थोडी हवा वाढवा.

स्टेप ५ : थांबा

फिल्टर लावला, पाणी स्वच्छ दिसलं, उद्या श्रिंप आणू, हे करू नका. नवीन स्पंज म्हणजे नुसती गाळणी. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, एका गटाचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट, आणि हे बॅक्टेरिया स्पंजवर वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टँकमध्ये रोज चिमूटभर खाणं टाकून, टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत वाट बघा. कोणा ओळखीच्याचा चांगला चाललेला टँक असेल तर आपला स्पंज महिनाभर त्याच्या टँकमध्ये ठेवून आणा, ह्याहून चांगला शॉर्टकट नाही. फक्त विचारून घ्या की त्या टँकमध्ये कधी तांब्याचं औषध घातलं होतं का. पांढऱ्या ठिपक्यांच्या आणि परजीवींच्या काही औषधांत कॉपर सल्फेट असतं, मासे त्यातून वाचतात, श्रिंप मरतात, आणि तसा स्पंज श्रिंपच्या टँकमध्ये आणायचा नाही.

जुन्या स्पंजवर तपकिरी, किंचित बुळबुळीत थर बसतो. तो घाण म्हणून घासून काढू नका. पिल्लांचं पहिल्या काही आठवड्यांचं जेवण तोच थर आहे, दिवसभर स्पंजवर बसून छोट्या पायांनी खुडून खाताना दिसतात. देशी बदामाचं वाळलेलं पान उकळत्या पाण्यात घालून मग टँकमध्ये सोडलं तर त्याच्यावर पण असाच थर येतो, कोकणात आणि मुंबईत ही झाडं जागोजागी आहेत, फक्त फवारणी होत नाही अशा ठिकाणची आपोआप गळलेली पानं घ्या.

स्पंज धुताना

स्पंज लावल्यावर पिल्लं फिल्टर चालू असताना नव्हे, तो धुताना जातात. स्पंज उचलला, बेसिनमध्ये नळाखाली धरला, पिळला, झालं. एक तर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने बॅक्टेरिया मेले, आणि स्पंजवर बसलेली पिल्लं गटारात गेली.

असं करा. आधी हवा किंवा मोटर बंद करा आणि स्पंज पाण्यातच दोन-तीन वेळा हलकेच हलवा, बसलेले श्रिंप उड्या मारून निघून जातात. मग प्लास्टिकची पिशवी पाण्याखाली नेऊन स्पंज तिच्यात सरकवा आणि पिशवीसकट उचला, नुसता उचलला तर गाळ टँकभर पसरतो. एका पांढऱ्या टबात टँकचंच तीन-चार लिटर पाणी काढून घ्या आणि त्यात स्पंज पिळा, पाणी चहासारखं होईल. पिळलेला स्पंज परत लावून टाका, टब मात्र ओतू नका, दहा मिनिटं ठेवा. गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी निवळतं. आता टॉर्च बाजूने, टबाच्या कडेला टेकवून मारा. गाळाच्या वर बारीक, जवळजवळ पारदर्शक रेघा दिसतील, दोन काळे ठिपके म्हणजे डोळे, आणि ड्रॉपरचं टोक जवळ नेलं की रेघ झटकन मागे उडते. गाळ कधी मागे उडत नाही, तेव्हा हलतंय ते पिल्लू. ड्रॉपरचं टोक थोडं कापून रुंद करा आणि एकेक उचलून टँकमध्ये सोडा. पहिल्यांदा कंटाळा येईल, पण एका टबात डझनभर पिल्लं बघितली की पुढच्या वेळी टब न बघता ओतवत नाही.

साबण नाही, गरम पाणी नाही, आणि दोन स्पंज असतील तर दोन्ही एका दिवशी नाही. अगदी नव्यासारखा स्वच्छ होईपर्यंत पिळू नका, पाणी नीट जायला लागलं की बस.

लाईट गेली, उन्हाळा आला, पेस्ट कंट्रोलवाला आला

लोड शेडिंगच्या भागात राहत असाल तर स्पंज फिल्टरचा अजून एक फायदा आहे, त्याचे बॅक्टेरिया टँकच्याच पाण्यात उघड्यावर असतात, चार-सहा तास हवा बंद राहिली तरी ते तग धरतात. कॅनिस्टरच्या बंद डब्यात तेवढ्यात ऑक्सिजन संपतो आणि आत सडायला लागतं. लाईट बरेच तास गेली असेल तर कॅनिस्टर तसाच चालू करू नका, आतलं पाणी ओतून, स्पंज टँकच्या पाण्यात पिळून मग चालू करा. काही हँग-ऑन फिल्टर लाईट परत आल्यावर स्वतःहून पाणी उचलत नाहीत, मोटर कोरडी फिरत राहते, तो प्रकार एकदा मुद्दाम बटण बंद-चालू करून तपासून ठेवा. बॅटरीवाला एअर पंप मिळतो, लाईट गेली की आपोआप चालू होणारा, गाव जिथे रोज दोन-चार तास लाईट जाते तिथे हाच घ्या. यूएसबी पंप पॉवर बँकवर चालतो, पण काही पॉवर बँक एवढा कमी करंट ओढला गेला की थोड्या वेळाने स्वतःच बंद होतात, आधी तासभर लावून बघा.

उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ अंशाला लिटरमागे साधारण ८.३ मिलीग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. चेरी श्रिंप २०-२६ अंशात खुश असतात, ३० च्या वर त्रास सुरू. विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांनी एप्रिल-मे मध्ये हवा वाढवा, टँकचं झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा लावा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पाणी भराभर कमी होतं तेवढं रोज भरत राहा.

आणि ही गोष्ट कृपया मनावर घ्या. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. झुरळांचा स्प्रे, डासांची कॉइल, लिक्विड मशीन, ह्यातली बहुतेक कीटकनाशकं श्रिंपसाठी अतिशय विषारी आहेत, कीटक आणि श्रिंप दोघेही संधिपादच (सांधेदार पायांचे प्राणी), त्यामुळे जे झुरळाला मारतं ते श्रिंपलाही मारतं. मासे कित्येकदा ठीक दिसतात आणि श्रिंप रात्रीत संपतात, लोक मग फिल्टरला दोष देतात. टँकच्या खोलीत हे काही लावू नका. जमत नसेल तर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी आणा. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी टँक प्लास्टिकने झाकून कडा चिकटपट्टीने बंद करा, पंप बंद करा, काम झाल्यावर खिडक्या उघडून खोली नीट हवेशीर झाली की मगच चालू करा. टँकमध्ये हात घालायच्या आधी हातावरचं डासांचं क्रीम धुवा.

पाणी बदलताना

सायफनच्या (टँकमधून पाणी ओढून काढायच्या नळीच्या) तोंडावर पण प्री-फिल्टरचाच जुना तुकडा रबर बँडने लावा, आणि काढलेलं पाणी थेट मोरीत न सोडता बादलीत घ्या, वरचा टबाचा नियम इथेही. श्रिंप टँकमध्ये एका वेळी १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी बदलू नका. नवीन पाणी क्लोरीन काढलेलं, टँकच्या तापमानाचं, आणि एअर पंपच्याच पातळ नळीतून थेंब थेंब, नळीला गाठ मारली की थेंब जमतात. मुंबईत तलावाचं नळाचं पाणी मऊ असतं, बोअरचं बऱ्याचदा जड, आणि काही सोसायट्यांत टँकर आला की पाणीच बदलतं, त्यामुळे साधा टीडीएस मीटर (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा) जवळ ठेवा आणि नवीन पाणी टँकपेक्षा फार वेगळं वाटलं तर त्या आठवड्यात बदलू नका.

पिल्लं सेंटीमीटरभर मोठी झाली की काही जण प्री-फिल्टर काढून टाकतात, पाण्याचा जोर परत वाढावा म्हणून. काढू नका. एका टँकमध्ये चार-पाच माद्या असल्या की कोणी ना कोणी अंडी घेऊन फिरतच असते, पुढची पिल्लं कधी सुटतील ते आपल्याला दिसत नाही. जोर कमी वाटत असेल तर स्पंज पिळा, नाहीतर त्याहून मोठा स्पंज लावा.